रक्तगट नेमका चिकटलेला असतो कुठं?

मागच्या अंकात पेशीपटलाबद्दल, म्हणजे आपण सगळे ज्याला सेल मेम्ब्रेन म्हणतो त्याबद्दल, एक चौकट लिहिली होती आणि खाली 'शंका असतील तर कळवा' असं टाकलं होतं. शंका भरपूर आल्या. काही पत्रं, बाकी व्हॉट्सअ‍ॅप. सगळ्या घेता येणार नाहीत, पण बऱ्याचशा रक्ताभोवतीच फिरत होत्या म्हणून यावेळी शक्यतो लाल पेशीलाच धरून बोलूया. आणि ते सोयीचंही आहे कारण मेम्ब्रेनबद्दल जे काही कळलंय त्यातलं बरंचसं लाल पेशीवरच कळलंय. आपल्या तयार लाल पेशीत केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही, आतले कुठलेच पडदे नाहीत, फोडून आतलं हिमोग्लोबिन धुऊन टाकलं की हातात उरतो तो फक्त बाहेरचा पडदा. अभ्यासाला यापेक्षा स्वच्छ नमुना कुठं मिळणार.

प्रश्न (चिपळूण): माझ्या धाकट्या भावाचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह असं आम्ही लहानपणापासून धरून होतो. आता हर्नियाच्या ऑपरेशनआधी क्रॉसमॅच (दात्याचं नि पेशंटचं रक्त जुळतं का ती तपासणी) केलं तर एकही ओ ची बाटली जुळेना. पुढच्या तपासणीत 'बॉम्बे ग्रुप' निघाला. घरात सगळे घाबरलेत. मॅडम, हा आजार आहे का? आणि रक्तगट म्हणजे रक्तात नक्की काय असतं नि कुठं?

आजार अजिबात नाही, हे आधी घरात सगळ्यांना सांगा. बॉम्बे ग्रुपची माणसं ठणठणीत असतात, अडचण येते ती फक्त रक्त चढवायची वेळ आली तरच.

आता कुठं असतं ते. लाल पेशीच्या मेम्ब्रेनवर, बाहेरच्या अंगाला. मेम्ब्रेन म्हणजे लिपिडचे दोन थर आणि त्यात घुसलेली प्रथिनं एवढं शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं, पण पुस्तकातल्या चित्रात एक गोष्ट कोपऱ्यात दोन काड्या काढून उरकून टाकतात, ती म्हणजे साखर. प्रथिनांच्या आणि काही काही लिपिडच्या बाहेरच्या टोकाला साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या जोडलेल्या असतात, आणि ए-बी-ओ चा सगळा मामला त्या साखळीच्या शेवटच्या टोकाला काय लागलंय एवढाच आहे. टोकाला फ्यूकोज नावाची साखर लागली की त्याला एच म्हणतात. त्या एचवर एन-असिटिलगॅलॅक्टोसअमाइन नावाची आणखी एक साखर चढली की ए गट, त्याऐवजी साधं गॅलॅक्टोज चढलं की बी, दोन्ही प्रकार असले की एबी. आणि काहीच चढलं नाही, एच तसाच उघडा राहिला, तर ओ. म्हणजे ओ म्हणजे शून्य असं जे आपण समजतो ते बरोबर नाही, ओ वाल्यांच्या पेशींवर एच ठासून भरलेला असतो.

तुमच्या भावाकडे तो एचच नाहीये. फ्यूकोज बसवणारं एन्झाइम ज्या जनुकावरून बनतं त्याची नादुरुस्त प्रत आईकडूनही आली नि वडिलांकडूनही आली, त्यामुळे एच तयारच होत नाही, आणि पायाच नाही म्हटल्यावर ए किंवा बी चढवणारं एन्झाइम अंगात असलं तरी ते चढवणार कशावर? म्हणून साध्या टेस्टमध्ये ए नाही, बी नाही, मग ओ असं उत्तर येतं. पण अशा माणसाच्या शरीराला एच ओळखीचा नसतो, म्हणून प्लाझ्मात एचविरुद्धच्या अँटिबॉडी असतात, चांगल्या जोरदार असतात, आणि ओ ची बाटली चढवली तर त्या त्या पेशींवर तुटून पडतात. क्रॉसमॅचला जुळेना ते यामुळे. कंटाळा न करता ज्यांनी क्रॉसमॅच केलं त्यांचे आभार माना.

हा गट मुंबईतच सापडला, डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याबद्दल लिहिलं. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस असा निघतो, युरोपात दहा लाखांत एक वगैरे. म्हणजे आपल्याकडे तसा दुर्मिळ असला तरी अगदीच न ऐकलेला नाही. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला चारात एक शक्यता असते, त्यामुळे तुम्ही आणि बाकीची भावंडं आधी तपासून घ्या, रक्तदाता घरातच मिळू शकतो. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर भावाचंच रक्त आधी काढून ठेवता येतं का ते डॉक्टरांना विचारा, आणि पाकिटात रक्तगटाचं कार्ड कायम असू द्या.

आणखी एक, हे बऱ्याच घरांत गैरसमज करतं म्हणून सांगते. बॉम्बे ग्रुपच्या बापाकडे बी चं जनुक लपलेलं असू शकतं, ते मुलाला मिळालं आणि आईकडून चांगला एच मिळाला की मूल बी गटाचं होतं. कागदावर बाप ओ, आई ओ आणि मूल बी! कुणावर संशय घेण्याआधी बापाचा एच तपासा.

जाता जाता, या साखळ्या सगळ्यात जास्त ज्याच्यावर बसलेल्या असतात ते बँड ३ नावाचं प्रथिन एका लाल पेशीवर दहा-बारा लाख तरी असतं आणि त्याचं खरं काम वेगळंच आहे, बायकार्बोनेट आणि क्लोराइडची अदलाबदल, ज्याच्यावर कार्बन डायऑक्साइडची फुप्फुसापर्यंतची वाहतूक चालते. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह मात्र साखरेचं नाही हं, ते आरएचडी नावाचं अख्खं प्रथिन आहे, मेम्ब्रेनमधून बारा वेळा आरपार जाणारं, आणि बहुतेक निगेटिव्ह लोकांत ते नसतंच.

प्रश्न (कोल्हापूर, अकरावी सायन्स): मॅडम, पुस्तकात फॉस्फोलिपिडचे दोन थर दाखवलेत, गोल डोकं आणि दोन शेपट्या. एवढी बारीक गोष्ट, मग दोनच थर आहेत हे बघितलं कुणी? आणि फ्लुइड मोझेक मॉडेल परीक्षेत आलं तर नक्की काय लिहायचं?

पहिला प्रश्न झकास आहे, दुसऱ्याकडे नंतर येते.

आधी मोजलं, बघितलं फार नंतर. १९२५ ची गोष्ट, नेदरलँड्समधल्या लायडेनला एव्हर्ट गॉर्टर नावाचे लहान मुलांचे डॉक्टर होते, त्यांनी आणि ग्रेंडेलनी माणसाच्या, कुत्र्याच्या, मेंढीच्या, सशाच्या, शेळीच्या लाल पेशी घेतल्या, असिटोनने त्यातलं सगळं लिपिड काढलं आणि ते पाण्यावर पसरवलं. असं लिपिड पाण्यावर पसरून दाबत आणलं की एकाच रेणूच्या जाडीचा थर होतो, डोकी पाण्यात, शेपट्या वर हवेत, हे तोवर माहीत झालेलं होतं. आणि ते मोजायची युक्ती मुळात काढली होती आग्नेस पॉकेल्स नावाच्या जर्मन बाईंनी, घरी, स्वयंपाकघरात, कारण मुलींना तेव्हा विद्यापीठात प्रवेशच नव्हता. १८९१ मध्ये लॉर्ड रॅले यांच्या मदतीने त्यांचं पत्र 'नेचर'मध्ये छापून आलं, पुढे लँगम्यूरनी ते उपकरण सुधारलं आणि नाव लँगम्यूरचं लागलं. तुमच्या पुस्तकात पॉकेल्सबाई बहुधा नसतील, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तर गॉर्टर आणि ग्रेंडेलनी पाण्यावरच्या थराचं क्षेत्रफळ मोजलं, पेशी किती होत्या ते मोजलं, एका पेशीचा पृष्ठभाग किती तेही काढलं, आणि लिपिडचं क्षेत्रफळ आलं पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट. म्हणजे पेशीभोवती एक नाही, दोन थर. संपलं. इतका सोपा प्रयोग आणि इतकं मोठं उत्तर!

आता गंमत. त्यांचं मोजमाप दोन ठिकाणी चुकलं होतं. असिटोनने सगळं लिपिड निघत नाही, काही मागे राहतं, त्यामुळे लिपिड कमी भरलं. आणि पेशी वाळवून मोजल्यामुळे त्या आकसलेल्या होत्या, त्यामुळे पृष्ठभागही कमी भरला. दोन्ही आकडे साधारण सारख्याच प्रमाणात कमी, त्यामुळे भागाकार बरोबर दोन आला! चाळीसेक वर्षांनी लोकांनी परत नीट करून बघितलं तेव्हा हे लक्षात आलं. नशीब लागतं हे खरं, पण प्रश्न नीट विचारला होता हेही खरं.

पुढे १९३५ मध्ये डॅनिएली आणि डॅव्हसननी म्हटलं की लिपिड मध्ये आणि प्रथिनं दोन्ही बाहेरच्या बाजूंना लिंपलेली असणार. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर मेम्ब्रेन दोन काळ्या रेघा आणि मध्ये फिकी पट्टी अशी दिसायला लागली, १९५९ मध्ये रॉबर्टसननी सगळ्या मेम्ब्रेन अशाच असतात असं मांडलं, आणि लिंपलेल्या प्रथिनांची कल्पना बरीच वर्षं टिकून राहिली. ती मोडली कशाने, तर पेशी गोठवून फोडल्या की मेम्ब्रेन बरोब्बर दोन थरांच्या मधून उकलते, आणि त्या उकललेल्या पृष्ठभागावर गाठी गाठी दिसतात. त्या गाठी म्हणजे प्रथिनं, लिपिडच्या पोटात घुसलेली. आणि ती हलतात का? १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची पेशी आणि माणसाची पेशी सेंडाय व्हायरस वापरून एकमेकींत जोडल्या, एकीच्या प्रथिनांना हिरवा चमकणारा रंग, दुसरीच्या प्रथिनांना लाल. सुरुवातीला अर्धी पेशी हिरवी, अर्धी लाल. ३७ अंशांना ठेवली तर चाळीस मिनिटांत रंग सगळीकडे मिसळून गेले, आणि गार ठेवल्या तर मिसळले नाहीत. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी 'सायन्स'मध्ये फ्लुइड मोझेक मॉडेल मांडलं ते हे सगळं हाताशी असताना.

परीक्षेत काय लिहायचं? पुस्तकात आहे तेच लिही बाबा, मार्क त्यालाच आहेत. पण डोक्यात चित्र थोडं दुरुस्त करून ठेव. प्रथिनं जास्त काढ, लिपिडच्या समुद्रात चार बटाटे तरंगतायत असं ते नसतं, लाल पेशीच्या मेम्ब्रेनचं वजन केलं तर निम्म्याला थोडं जास्तच प्रथिन भरतं, लिपिड ४० टक्क्यांच्या आसपास आणि उरलेली साखर. नर्व्हवरच्या मायलिनमध्ये उलटं, तिथं लिपिडच फार, कारण तिथं काम फक्त इन्सुलेशनचं आहे, आणि मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या मेम्ब्रेनमध्ये तीनचतुर्थांश प्रथिन कारण तिथं कामच काम. दुसरं, दोन्ही थर सारखे रंगवू नकोस. बाहेरच्या थरात फॉस्फॅटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायलिन जास्त, आतल्या थरात फॉस्फॅटिडिलसेरीन आणि फॉस्फॅटिडिलइथॅनॉलमीन. लिपिडचा रेणू आपल्या थरात इकडून तिकडे सुळसुळ फिरतो पण एका थरातून दुसऱ्या थरात उलटा होऊन जाणं त्याला फार जड, डोकं चरबीतून ओढत न्यायचं असतं ना. ते करायला वेगळी प्रथिनं असतात आणि त्यातली काही त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करतात. फॉस्फॅटिडिलसेरीन हे नाव लक्षात ठेव, शेवटच्या प्रश्नात परत लागणार आहे.

प्रश्न (नांदेड, डीएमएलटी): लाल पेशी डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकल्या की लगेच फुटतात, ०.९ टक्के सलाइनमध्ये नीट राहतात. ऑस्मोसिस कळतो. पण मेम्ब्रेन तर चरबीची, तेलात पाणी जात नाही, मग हे पाणी आत घुसतं कुठून?

हाच प्रश्न शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं छळत होता. पाणी अगदीच जात नाही असं नाही, रेणू लहान असल्यामुळे लिपिडमधूनही थोडं थोडं झिरपतं. पण लाल पेशीत ते ज्या वेगाने जातं तो वेग निव्वळ झिरपण्याने येत नव्हता. शिवाय पाऱ्याची संयुगं लावली की वेग मंदावायचा, आणि पारा चिकटतो तो प्रथिनांना, म्हणजे काहीतरी प्रथिनाचं भोक असणार हा संशय होताच. सापडत नव्हतं एवढंच.

सापडलं ते दुसरंच शोधताना. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये पीटर अ‍ॅग्रे लाल पेशीतून आरएच प्रथिन शुद्ध करत होते (हो, तेच, रक्तगटवालं), तर त्याच्यासोबत २८ किलोडाल्टनचं एक भलतंच प्रथिन प्रत्येक वेळी यायचं. लाल पेशीत भरपूर आणि मूत्रपिंडाच्या नळ्यांमध्येही भरपूर. जॉन पार्कर नावाच्या रक्ततज्ज्ञांनी त्यांना सुचवलं की अरे, हे पाण्याचं चॅनल तर नसेल? मग त्यांनी झेनोपस बेडकाची अंडी घेतली. ही अंडी तळ्याच्या पाण्यात पडून असतात तरी फुगत नाहीत, त्यांची मेम्ब्रेन पाण्याला फारशी दाद देत नाही. त्यात या प्रथिनाचा आरएनए टोचला, प्रथिन तयार होऊन मेम्ब्रेनमध्ये बसायला वेळ दिला आणि मग अंडी कमी क्षाराच्या पाण्यात सोडली. टोचलेली अंडी फुगून काही मिनिटांत फुटली, न टोचलेली तशीच. हे १९९२ मध्ये छापून आलं. प्रथिनाचं नाव अ‍ॅक्वापोरिन, आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल अ‍ॅग्रे यांना, रॉडरिक मॅकिनन यांच्याबरोबर.

एका चॅनलमधून सेकंदाला साधारण तीन अब्ज पाण्याचे रेणू जातात, एका रांगेत. आणि तरी त्यातून प्रोटॉन जात नाही, हे मला अजूनही सगळ्यात भारी वाटतं, कारण पाण्याच्या रांगेतून प्रोटॉन उड्या मारत सहज पुढे सरकतो, इथं मात्र चॅनलच्या मध्यावर अशी रचना आहे की ती साखळी तुटते. प्रोटॉन गळले असते तर पेशीचा पीएच सांभाळणं अवघड झालं असतं. सोडियमही त्यातून जात नाही, म्हणूनच तुझ्या सलाइनमधलं मीठ बाहेरच राहून पाण्याला बाहेर धरून ठेवतं आणि पेशी फुटत नाही. जे थोडं सोडियम इकडून तिकडून आत येतंच ते सोडियम-पोटॅशियम पंप बाहेर टाकत असतो, तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, प्रत्येक खेपेला एक एटीपी. तो पंप डेन्मार्कच्या येन्स स्कूनी खेकड्याच्या नर्व्हवर शोधला, १९५७ मध्ये.

आणि ब्लड बँकेत पुढे काम करणार असशील तर हेही माहीत असू दे, कोल्टन नावाचा जो रक्तगट आहे तो या अ‍ॅक्वापोरिनवरच असतो. जगात मोजकी माणसं अशी सापडलीत ज्यांच्याकडे हे प्रथिन नाहीच. एरवी बरी असतात, फक्त पाणी प्यायला मिळालं नाही तर त्यांची लघवी आपल्याइतकी घट्ट होत नाही.

प्रश्न (संगमनेर, वय ७४): ताई, डॉक्टर म्हणतात कोलेस्टेरॉल वाढलंय, गोळी घ्या. नातू म्हणतो कोलेस्टेरॉल प्रत्येक पेशीला लागतंच, पुस्तकात आहे. खरं कुणाचं? आणि साजूक तूप बंद करू का?

काका, दोघांचंही खरं. पण दोघं वेगळ्या जागेबद्दल बोलतायत.

नातू बोलतोय ते मेम्ब्रेनमधल्या कोलेस्टेरॉलबद्दल. लाल पेशीत तर जवळपास जितके फॉस्फोलिपिड तितकेच कोलेस्टेरॉलचे रेणू असतात. फॉस्फोलिपिडच्या ज्या शेपट्या असतात त्या दोन प्रकारच्या, सरळ आणि वाकड्या. सरळ म्हणजे सॅच्युरेटेड, त्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, थंडीत तूप थिजतं ते त्यामुळेच. वाकड्या म्हणजे अनसॅच्युरेटेड, वाकामुळे नीट रचता येत नाहीत, म्हणून शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल पातळच राहतं. मेम्ब्रेनला दोन्ही लागतात, फार थिजली तर प्रथिनं अडकून बसतील, फार पातळ झाली तर गळेल. कोलेस्टेरॉल मधे बसून दोन्हीकडची टोकं आवरतं, गरमीत ढिली पडू देत नाही आणि गारठ्यात थिजू देत नाही. प्रमाण बिघडलं तर पेशीवर दिसतंही, लिव्हर फार खराब झालेल्या काही पेशंटमध्ये लाल पेशीच्या मेम्ब्रेनमध्ये कोलेस्टेरॉल साठत जातं आणि पेशीला काटे काटे फुटतात, मायक्रोस्कोपखाली लगेच ओळखू येतात.

डॉक्टर बोलतायत ते रक्तात फिरणाऱ्या एलडीएलबद्दल, म्हणजे ज्याला 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात त्याबद्दल. ते जास्त झालं की रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन बसतं. आता ते रक्तातून उचलतं कोण, तर लिव्हरच्या पेशींच्या मेम्ब्रेनवर एलडीएल रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं ते. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल याच कामावर मिळालं, ज्या मुलांमध्ये हा रिसेप्टर जन्मतःच नादुरुस्त होता त्यांचं कोलेस्टेरॉल लहानपणीच भयंकर वाढलेलं असायचं. तुमची गोळी बहुधा स्टॅटिन असणार. ती लिव्हरला कोलेस्टेरॉल बनवू देत नाही, लिव्हरला कमी पडतं, मग ते मेम्ब्रेनवर जास्त रिसेप्टर लावून रक्तातलं ओढून घेतं. म्हणजे गोळीने पेशी कोलेस्टेरॉलविना मरतील ही नातवाची भीती नको, पेशींना पुरेल इतकं शरीर स्वतःच बनवतं, जेवणातून येतं ते त्यामानाने थोडं. गोळी मनाने बंद करू नका.

तुपाचं म्हणाल तर वरणभातावर चमचाभर चालेल का हे तुमचे रिपोर्ट बघून डॉक्टरच सांगतील. मी फक्त वनस्पती तुपाबद्दल कडक बोलेन. तेल घट्ट करताना वाकडी शेपटी सरळ होते, ट्रान्स होते, आणि अशी शेपटी मेम्ब्रेनमध्ये गेली की अनसॅच्युरेटेड असूनही सॅच्युरेटेडसारखीच घट्ट बसते, शिवाय रक्तातलं एलडीएल वाढवते ते वेगळंच. सरकारने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली ती उगाच नाही. बेकरीतली खारी कमी करा, तुपाचं नंतर बघू.

प्रश्न (ठाणे): नायट्याचं मलम बुरशी मारतं, मग आपली त्वचा का नाही मारत? दोन्ही पेशीच ना? आणि कोविडनंतर काळ्या बुरशीवर ते महागडं इंजेक्शन होतं त्याचाही असाच काही प्रकार होता का?

हो, तोच. बुरशीची पेशी आणि आपली पेशी यांत फरक फार कमी आहेत, म्हणून तर बुरशीवर औषधं कमी आणि बॅक्टेरियावर भरमसाट. जो फरक हाताशी लागतो तो मेम्ब्रेनमध्येच. आपल्या मेम्ब्रेनमध्ये जिथं कोलेस्टेरॉल तिथं बुरशीच्या मेम्ब्रेनमध्ये एर्गोस्टेरॉल. क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, टर्बिनाफिन, ही सगळी औषधं बुरशीला एर्गोस्टेरॉल बनवू देत नाहीत.

अ‍ॅम्फोटेरिसिन बी वेगळं, ते बनवणं थांबवत नाही, तयार एर्गोस्टेरॉललाच जाऊन चिकटतं, मेम्ब्रेनला भोकं पाडतं, एर्गोस्टेरॉल ओढून बाहेरही काढतं. प्रॉब्लेम असा की कोलेस्टेरॉल आणि एर्गोस्टेरॉल दिसायला फार जवळचे, त्यामुळे ते थोडं आपल्याही पेशींना चिकटतं, मूत्रपिंडाला त्याचा फटका बसतो. म्हणून ते लिपिडच्या सूक्ष्म फुग्यांत घालून देतात, लायपोसोमल म्हणतात ते, आणि मेम्ब्रेनवरचं औषध मेम्ब्रेनसारख्याच फुग्यात असं ते आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे पेशंट महाराष्ट्रभर वाढले तेव्हा हेच इंजेक्शन मिळेनासं झालं होतं, लोक जिल्ह्याजिल्ह्यांत फोन करत होते, आठवत असेल.

नायट्याबद्दल एकच, दुकानातून स्वतःच्या मनाने ते तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम आणू नका. त्यात स्टेरॉइड असतं, खाज लगेच थांबते, बुरशी मजेत पसरत राहते.

प्रश्न (पुणे): सेरामाइड क्रीमने 'सेल मेम्ब्रेन रिपेअर' होते का? जाहिरातीत तसं म्हणतात.

नाही. सेरामाइड लिपिडच आहे, पण ते क्रीम काम करतं ते त्वचेच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात, दोन पेशींच्या मधल्या जागेत, तिथलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. कोरड्या त्वचेला फायदा होतो, वापरायला हरकत नाही. मेम्ब्रेन रिपेअर हे जाहिरातवाल्यांचं.

प्रश्न (गडचिरोली, आशा कार्यकर्ती): आमच्या भागात सिकलसेलचे पेशंट खूप. ट्रेनिंगमध्ये सांगितलं की हा हिमोग्लोबिनचा आजार, ऑक्सिजन कमी झाला की पेशी कोयत्यासारखी वाकते आणि ऑक्सिजन मिळाला की परत गोल होते. मग स्लाइडवर काही पेशी कायमच वाकड्या का दिसतात?

ताई, ट्रेनिंगमध्ये सांगितलं ते बरोबर, पण ते पहिल्या काही वेळांपुरतं. बिघाड हिमोग्लोबिनमध्येच आहे, ऑक्सिजन सुटला की ते एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात आणि पेशीला आतून ताणतात. ऑक्सिजन आला की काड्या विरघळतात. पण हे पुन्हा पुन्हा झालं की मार खाते ती मेम्ब्रेन.

लाल पेशीच्या मेम्ब्रेनला आतून स्पेक्ट्रिन नावाच्या लांब प्रथिनांची जाळी असते, बँड ३ सारख्या प्रथिनांना ठिकठिकाणी बांधलेली. सात-आठ मायक्रोमीटरची पेशी तिच्यापेक्षा अरुंद केशवाहिनीतून दुमडून जाते आणि पलीकडे परत पूर्वीसारखी होते ती या जाळीमुळे. ही जाळी जन्मतःच कमजोर असली की वेगळा आजार होतो, पेशी चेंडूसारखी गोल होते आणि प्लीहेत अडकून फुटते. सिकलमध्ये जाळी वारंवार ताणली जाऊन वाकड्या आकारातच घट्ट बसते. मग आतलं हिमोग्लोबिन सैल झालं तरी बाहेरचा साचा वाकडाच राहतो. स्लाइडवर दिसतात त्या याच पेशी.

आणखी दोन गोष्टी होतात. पेशी वाकताना मेम्ब्रेनमधून कॅल्शियम आत येतं, त्याने पोटॅशियमचं एक चॅनल उघडतं, गार्डोस चॅनल म्हणतात, पोटॅशियम बाहेर पळतं आणि त्याच्यामागोमाग पाणी. पेशी सुकते, आतलं हिमोग्लोबिन आणखी दाट होतं, आणि दाट झालं की पुढच्या वेळी काड्या आणखी लवकर बनतात. दुसरं म्हणजे ते फॉस्फॅटिडिलसेरीन, कोल्हापूरच्या मुलाला लक्षात ठेवायला सांगितलं ते. ते कायम आतल्या थरात असायला हवं, सिकल पेशीत ते बाहेरच्या थरात येतं. बाहेर दिसलं की शरीराला वाटतं ही पेशी मरायला टेकलीय, आणि मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी तिला गिळतात. वर अशी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि गुठळ्यांनाही मदत करते. म्हणून साधी लाल पेशी १२० दिवस जगते तिथं सिकल पेशी दहा ते वीस दिवसांत संपते, आणि पेशंटला कायमचा रक्तक्षय.

पेशंटच्या घरी गेल्यावर 'भरपूर पाणी प्या' असं तुम्ही सांगता ना, त्याचं कारण हेच, अंगात पाणी कमी पडलं की आधीच सुकलेल्या पेशी आणखी सुकतात. उन्हाळ्यात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, ताप किंवा जुलाब असताना हे जास्तच सांगा. थंडीत अंग झाकून ठेवायला सांगा, आणि ताप आला तर घरी वाट न बघता दवाखान्यात. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू असेल तर ती रोज घेतात का तेही बघा, तिच्यामुळे आपण गर्भात असताना जे हिमोग्लोबिन असतं ते वाढतं आणि काड्या कमी बनतात. दुखणं थांबलं की लोक ती मधेच सोडून देतात.